तेलटाकीच्या झाकणाचं भोक

पिस्टननं सिलिंडर असा धरला होता की लाकडी ठोकळा ठेवून हातोडा घातला तरी तसूभर हलेना. मी घामानं निथळत होतो. आणि गॅरेजचे मालक अण्णाशेट माझ्या पाठीशी उभे राहून एकच प्रश्न विचारत होते.

"काय केलंस तू त्या गाडीला?"

"सर्व्हिस केली, शेट."

"सर्व्हिस केलेली गाडी आसूदच्या पुढे जाऊन धरते?"

"अजून उघडतोय. उघडू तर द्या मला."

"तू उघड सावकाश. हर्ण्यात काय बोलतायत माहितीय? दापोलीच्या मिस्त्रीनं बाई मारली."

मी हातोडा खाली ठेवला. बाई खरंच गेली होती. हर्ण्याच्या धोंडू सुताराची मुलगी, यमुना. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. नवरा मुंबईला गोदीत. आई लहानपणीच वारलेली, त्यामुळे माहेर म्हणजे एकटे धोंडूतात्या. बाळंतपण अडलं तेव्हा दापोलीला डॉक्टरांकडे माणूस धावत आला. डॉक्टर तसेच मोटरसायकलवर बसून निघाले आणि वाटेत, आसूद ओलांडल्यावर, गाडीनं दगा दिला. मागचं चाक जागच्या जागी बांधल्यासारखं थांबलं. डॉक्टर चिखलात पडले, उठले, बॅग उचलली आणि उरलेली वाट पावसातून चालत, पळत गेले. पोहोचले तेव्हा मूल झालं होतं. मुलगी. पण रक्त थांबत नव्हतं आणि यमुनेच्या अंगात काही उरलं नव्हतं. डॉक्टर मला एवढंच म्हणाले, "थोडं आधी पोचलो असतो तर वाचली असती रे." त्यांच्या कपाळावर पडल्याची जखम होती. तिला औषध लावायचंसुद्धा त्यांना भान नव्हतं.

ही गोष्ट एकोणीसशे तीस सालाच्या पुढची. तेव्हा दापोलीत मोटारी बोटांवर मोजाव्या इतक्या आणि मोटरसायकल एकट्या डॉक्टरांची. विलायती, एका सिलिंडरची, साहेबाकडून जुनी घेतलेली. मी मुंबईच्या वर्कशॉपमध्ये हात काळे करून परत गावी आलेला फिटर. अण्णाशेटांची दापोली ते हर्णे बंदर अशी प्रवासी मोटार चालायची. ती सांभाळायची आणि फावल्या वेळात डॉक्टरांची गाडी बघायची हे माझं काम. त्या गाडीवर माझा जीव होता. आठवड्यापूर्वीच मी ती पूर्ण धुऊन, ऑइल भरून, टाकीच्या झाकणाचा चामड्याचा वॉशरसुद्धा नवा घालून दिली होती. म्हणजे गाडी मेली कशी हे कोडं माझंच होतं.

त्या काळच्या गाड्यांचं ऑइल कसं चालायचं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आता इंजिनातलं ऑइल फिरून फिरून परत येतं. तेव्हा तसं नव्हतं. पेट्रोलच्या टाकीलाच एक कप्पा असायचा, त्यात ऑइल. एक लहानसा पंप ते ओढून थेंबाथेंबानं इंजिनात सोडायचा. आपलं काम करून ते ऑइल जळून जायचं, नाहीतर बाहेर उडायचं. गाडीखाली काळा डाग पडला नाही तर आम्ही समजायचो की टाकी रिकामी आहे. लोक हसायचे, "मिस्त्री, तुझी गाडी मुतते." मुतू दे की! मुतते तोवर जिवंत आहे.

या सगळ्यात दोन भोकं महत्त्वाची. पहिलं टाकीच्या झाकणावर, दाभणानं पाडल्यासारखं बारीक. रॉकेलच्या डब्याला एकच भोक पाडून बघा, तेल अडखळत, गुळगुळ करत येतं. दुसरं पाडलं की धार सरळ. कारण तेल बाहेर यायचं तर त्याच्या जागी हवा आत शिरायला हवी. टाकीचं तसंच. दुसरं भोक इंजिनाच्या पोटाला, त्याला आम्ही ब्रीदर म्हणतो. पिस्टन खाली आला की पोटातली हवा भात्यासारखी दाबली जाते. ती एका नळीतून बाहेर पडते, आणि हवेबरोबर थोडं ऑइलही टिपकतं. ही नळी बुजली तर दाबलेली हवा जिथे वाट मिळेल तिथून, सांध्यासांध्यातून ऑइलला बाहेर ढकलते. एवढंच शास्त्र आहे.

शेवटी सिलिंडर सुटला. आत बघितलं तर पिस्टन कोरडा ठक्क. सोलल्यासारखे उभे ओरखडे. ऑइलचा पत्ता नाही. आणि इंजिनाला बाहेरून मात्र सगळीकडे ऑइलच ऑइल, न्हाऊन निघाल्यासारखं. मला वाटलं टाकी रिकामी झाली असेल. झाकण फिरवायला गेलो तर ते फिरेना. जोर लावला तेव्हा फुस्सकन आवाज झाला, हवा आत गेली. टाकीत बघतो तर ऑइल अर्ध्याच्या वर!

झाकण उलटं करून उजेडात धरलं. भोक नव्हतं. म्हणजे होतं, पण कुणीतरी ते बुजवलं होतं. आत कापसाचा बारीक पीळ ठासलेला आणि वरून राळ, अगदी सफाईनं पृष्ठभागाशी बरोबर केलेली. खाली वाकून ब्रीदरची नळी बघितली. तीही तशीच. पीळ जरा जाड, राळ तशीच गुळगुळीत.

हर्ण्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या कुठल्याही माणसानं ते काम ओळखलं असतं. श्रावणात होड्या समुद्रात लोटायच्या आधी त्यांच्या फळ्यांच्या फटींत असाच कापूस आणि काथ्या ठोकतात आणि वरून राळ न् उंडीचं तेल भरतात. सगळे सुतार करतात. पण राळ अशी नखालासुद्धा लागू नये इतकी गुळगुळीत बसवणारा हर्ण्यात एकच माणूस होता.

मी डॉक्टरांना बोलावून घेतलं. ते आले, स्टुलावर बसले. अण्णाशेट होतेच. मी झाकण डॉक्टरांच्या हातात दिलं.

त्यांनी ते बराच वेळ फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "मी यमुनेला तपासायला गेलो होतो ना, चार दिवस आधी? पाऊस धरून होता. तात्या म्हणाले, गाडी माझ्या खोपीत लावा, होडीशेजारी. मी आत तपासत होतो तोवर ते बाहेर काहीतरी करत होते. निघताना मला म्हणाले, डाक्टर, तुमच्या गाडीत आता पाण्याचा थेंब जायचा न्हाय आणि तेलाचा थेंब बाहेर यायचा न्हाय. मी हसलो. मला वाटलं त्यांनी गाडी पुसली असेल."

"आणि येताना?"

"येताना काहीच झालं नाही."

"नाही व्हायचं. झाकणाखाली थोडी हवा होती, ती ताणली जाईपर्यंत ऑइल येत राहिलं. दुसऱ्या वेळी आटलं."

"पण माझ्या बुटांवर ऑइल उडत होतं रे! मला वाटलं भरपूर आहे."

"ते इंजिनाच्या पोटातलं शेवटचं होतं."

डॉक्टरांनी झाकण माझ्या हातात परत दिलं. त्या म्हाताऱ्यानं काय वाईट केलं होतं? आपल्या पोरीला बघायला पावसातून येणारा डॉक्टर, त्याची गाडी गळतेय, वरून पाणी आत जातंय. त्याच्याकडे द्यायला दुसरं काय होतं? हातातली विद्या होती, ती त्यानं दिली. जन्मभर तो एकच गोष्ट शिकला होता की भोक दिसलं की बुजवायचं, नाहीतर माणसं बुडतात.

"हे मी नाही सांगू शकणार त्यांना," डॉक्टर म्हणाले.

"मग मी सांगतो!" अण्णाशेट उसळले. "तुमचं काय जातंय? हर्ण्याची माणसं माझ्या मोटारीत पाय ठेवीनात. पावसापाण्यात बैलगाडीनं येतायत, पण माझ्या मोटारीत बसत नाहीत. आणि हा आमचा मिस्त्री, ह्याच्या बायकोला पाणवठ्यावर बायका बोलतायत. केलं कुणी आणि भोगायचं कुणी?"

ते खोटं नव्हतं. आदल्या दिवशीच बायको रिकामी कळशी घेऊन घरी आली होती. काही विचारलं तर तोंड फिरवून चुलीशी बसली. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? मला मनापासून वाटत होतं की शेटनी जावं आणि चारचौघांत सांगावं. माझ्या हातानं कुणी मेलं नाही, हे कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं होतं.

अण्णाशेटनी ब्रीदरमधला राळेचा बोळा कागदात बांधला, खिशात घातला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याच रिकाम्या मोटारीत बसून हर्ण्याला गेले.

दुपार उलटल्यावर परत आले. चप्पल काढून बाकड्यावर बसले. हा माणूस बसला की आधी कुणावर तरी ओरडायचा. त्यानं नुसता घाम पुसला.

"काय झालं?" मी विचारलं.

"पाणी दे आधी."

पाणी दिलं. ते प्यायले, तांब्या बाजूला ठेवला.

"सांगितलंत?"

"तो नातीला दूध पाजत होता," अण्णाशेट म्हणाले. "कापसाच्या बोळ्यानं. शेजारणी म्हणतात आम्ही पाजतो, तर देत नाही कुणाला. एवढे राठ हात त्याचे, बोटांना राळ चिकटलेली. आणि त्या हातानं एक एक थेंब... मी समोर बसलो. खिशात हात घातला. तर तोच म्हणाला, शेट, गाडीला काय झालं व्हतं?"

"मग?"

"मग काय! म्हटलं, आमच्या मिस्त्रीचं लक्ष नव्हतं. ऑइल घालायला विसरला."

मी हातातला स्पॅनर जमिनीवर आपटला. "माझं नाव घातलंत?"

"मग कुणाचं घालू? डॉक्टराचं घालू? उद्या गावाला औषध कोण देणार?"

"तुमचं घालायचं होतंत!"

"माझं घातलं तर मोटार बंद. मग तू काय खाशील?"

"वा! छान! म्हणजे तुमची मोटार चालावी म्हणून मी खुनी."

"ओरड. तुझा हक्क आहे," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या ओरडण्याला उलट उत्तर दिलं नाही. "मी त्याला हेही सांगितलंय की तुला कामावरून काढून टाकलंय. तेव्हा दिवाळीपर्यंत हर्ण्याकडे फिरकू नकोस."

"आणि तो बोळा? तो तरी द्या इकडे. उद्या कुणी विचारलं तर दाखवायला काहीतरी हवं."

"बंदरात फेकला."

मी घरी गेलो. दोन दिवस कामाला गेलो नाही. अण्णाशेट स्वतः बोलवायला आले, ओसरीवर बसले, बायकोनं दिलेला चहा प्यायले आणि तिला सगळं खरं सांगून गेले. दुसऱ्या दिवशी ती कळशी घेऊन सरळ पाणवठ्यावर गेली आणि बोलणाऱ्या बायकांच्या मध्ये उभी राहून पाणी भरून आली. तिनंही तोंड उघडलं नाही. मी विचारलं, "तुला नाही वाटत सांगावंसं?" तर म्हणाली, "वाटतं हो. पण खरं कळल्यावर त्या म्हाताऱ्याच्या घशाखाली घास उतरेल का?" मी गपगुमान कामावर गेलो.

पिस्टन मुंबईहून यायचा होता. पावसाळ्यात बोटी बंद, त्यामुळे तोवर डॉक्टर घोड्यावरून फिरले. बोटी सुरू झाल्या आणि हर्णे बंदरात पार्सल उतरल्याचा निरोप आला. ड्रायव्हर तापानं पडलेला, अण्णाशेट खेडला गेलेले. मीच मोटार घेऊन गेलो. म्हटलं, होऊन होऊन काय होईल!

बंदरावर उतरलो तेव्हा मासळीचा लिलाव उठत होता. मला बघून दोघंतिघं बाजूला झाले. मी खोकं उचललं आणि मोटारीकडे वळलो तर वाटेत धोंडूतात्या उभे. काखेत फडक्यात गुंडाळलेली नात. ते इतके वाळले होते की मी आधी ओळखलंच नाही.

"मिस्त्री, येक इचारतो."

मी खोकं खाली ठेवलं. "विचारा तात्या."

"गाडी येळेवर पोचली असती तर माझी यमी जगली असती?"

"असती."

"आणि गाडी बंद पडली ती तुज्यामुळं."

"होय."

त्यांनी मान हलवली, पण वाटेतून हलले नाहीत. मुलीला एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. मग आवाज इतका उतरला की मला पुढे वाकावं लागलं.

"शेट बोलले तसंच. पण मला झोप न्हाय येत, मिस्त्री. मी त्या गाडीला हात लावला व्हता. डाक्टर आत व्हते तेव्हा. वरच्या झाकणाला बारीक भोक व्हतं, पाणी जाईल म्हणून मी बुजवलं. खालनं तेल गळत व्हतं, तेबी बुजवलं. काय केलं त्ये कुणाला बोललो न्हाय. रोज मनात येतं, त्येनं तर न्हाय ना झालं? तू मिस्त्री हायस. तुला ठावं आसंल. ह्या पोरीच्या आईची शपथ हाय तुला, खरं सांग."

हाच माणूस, ज्याच्यापायी माझी बायको रिकामी कळशी घेऊन घरी आली. एक शब्द बोललो असतो तर मी मोकळा झालो असतो, तिथेच, भर बंदरावर. लोक आमच्याकडेच बघत होते. आणि शपथ घातली होती त्यानं.

"छे हो तात्या!" मी म्हटलं. जमेल तेवढं हसलोसुद्धा. "त्या भोकानं काय होतंय? ते असंच असतं, शोभेचं. बुजवलंत ते बरंच केलंत, पाणी गेलं नाही आत. मीच मेला ऑइल घालायला विसरलो."

"खरं?"

"तुमच्या नातीची शपथ," म्हणायला गेलो, पण ती पोर माझ्याकडे टकामका बघत होती. जीभ रेटेना. म्हटलं, "खरं. माझीच चूक."

म्हाताऱ्यानं एवढा मोठा श्वास सोडला की काखेतली पोर दचकली. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं. मग त्यांनी मुलगी शेजारच्या बाईच्या हातात दिली, माझ्या जवळ आले आणि सगळ्या बंदरासमोर माझ्या तोंडात मारली. सुताराचा हात तो. कानात घंटा वाजल्या.

"माझी येकुलती येक व्हती रे, मेल्या!" ते ओरडले.

कुणी मध्ये पडलं नाही. मी खोकं उचललं, मोटारीत टाकलं आणि आसूदपर्यंत येऊन मोटार बाजूला घेतली. तिथे बसून पोटभर रडलो. मारल्याचं दुःख नव्हतं. का रडलो ते अजून नीट सांगता येत नाही. पण हलकं वाटलं हे खरं.

पुढे कळलं की त्या दिवसापासून म्हातारा जेवायला लागला. आल्यागेल्याजवळ मला शिव्या घालायचा, आणि कामावर जायचा. होड्या बांधल्या, नात वाढवली, तिचं लग्न केलं. मला कधी क्षमा केली नाही. मी मागितलीही नाही.

एक अडचण मात्र होऊन बसली, जी त्या वेळी माझ्या ध्यानात आली नव्हती. भोकानं काही होत नाही, बुजवलंत ते बरंच केलंत, असं मिस्त्रीच्या तोंडानं मीच सांगून बसलो होतो. धोंडूतात्यांच्या हातात राळ होती आणि डॉक्टरांवर त्यांचा जीव होता. गाडी खोपीत गेली की भोकं पुन्हा बुजलीच म्हणून समजा. त्यामुळे नवा पिस्टन घातलेली गाडी घेऊन डॉक्टर हर्ण्याला जात तेव्हा ती मुद्दाम लांब, उघड्यावर, भर पावसात उभी करत. तात्या खोपीतून हाक मारायचे, "डाक्टर, गाडी आत घ्या, भिजते ती!" आणि डॉक्टर म्हणायचे, "भिजू दे, तात्या." असं सगळे पावसाळे चाललं, म्हातारा होता तोवर. प्रत्येक खेपेनंतर गाडी माझ्याकडे यायची आणि मी टाकीतलं पाणी काढून ऑइल बदलायचो. खोटं बोलायला काही लागत नाही. त्याची सर्व्हिसिंग मात्र वर्षानुवर्षं करावी लागते.